बाजार मोडतो कुठून, भरतो कसा

वाचकांचे प्रश्न : आठवडी बाजार आणि गुजऱ्या (रोजचे छोटे बाजार)

इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. नागपुरात वार सांगितला की वस्ती कळते, इतका या शहराचा बाजाराशी घरोबा. उतरत चाललेल्या बाजारांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या वस्तीत आठवड्यातून दोनदा बाजार भरतो. पूर्वी दीडशे दुकाने लागायची, आता साठ-सत्तर. रहिवासी मंडळाकडे थोडा निधी आहे. स्वागत कमान उभारावी की सिमेंटच्या फरश्या बसवाव्यात, यावर वाद आहे. सुरुवात कशाने करावी?
(मंडळाचे कार्यकर्ते, दक्षिण नागपूर)

कमान नको, आणि फरशीही इतक्यात नको. आधी दोन आठवडे मोजणी करा. खर्च म्हणजे चार वह्या आणि कॉलेजातली चार पोरे.

बाजाराला जितकी तोंडे, तितकी माणसे बसवा. दर तासाची पहिली दहा मिनिटे आत शिरणारी डोकी मोजायची आणि आकड्याला सहाने गुणायचे. बाहेर पडणाऱ्यांपैकी किती जणांच्या हातात भरलेली पिशवी आहे, त्याची रेघ वेगळी ओढायची. आलेख कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे २ मीटर असे माप धरून नकाशा काढा. त्यावर प्रत्येक दुकान, प्रत्येक रिकामी जागा, उभी वाहने, विजेचे खांब, नाली, सगळे मांडा. मग शंभरेक गिऱ्हाइकांना तीनच प्रश्न विचारा : कुठून आलात, काय घ्यायला आलात, काय मिळाले नाही. ‘बाजार सुधारायला काय करावे?’ हा प्रश्न मुद्दाम टाळा. त्याला ‘पार्किंग’ हे एकच उत्तर येते, पायी आलेल्या माणसाकडूनही.

या आकड्यांवरून दुखणे कळते. डोकी पूर्वीइतकीच आहेत पण भरलेल्या पिशव्या कमी, तर गोम मालात किंवा भावात आहे. डोकीच कमी असतील तर गोम वाटेत, वेळेत किंवा बाजार भरेलच या खात्रीत आहे. एकाच तोंडातून आवक आटली असेल तर तिथे जाऊन उभे राहा. बहुतेक वेळा आडव्या लावलेल्या दुचाक्या, उघडी नाली किंवा बंद पडलेला दिवा यांपैकी काहीतरी सापडते. संध्याकाळी सातनंतर एकदम घसरण होत असेल तर उजेड कमी आहे, आणि ते दुखणे सगळ्यात स्वस्तात बरे होते.

आता मुख्य काम. दीडशे दुकाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, दुकानामागे २ मीटर धरले, तर बाजाराची लांबी दीडशे मीटर होते. आज त्याच दीडशे मीटरांत पासष्ट दुकाने बसतात. तोंडातले दात पडावेत तशी मध्ये मध्ये फट दिसते. गिऱ्हाईक पहिल्या मोठ्या फटीपाशी थांबते, ‘संपला वाटतं बाजार’ म्हणते आणि वळते. तिच्या पलीकडच्याला बोहणीची वाट पाहत बसावे लागते, तोही महिनाभरात येईनासा होतो आणि फट आणखी रुंदावते. बाजार असा मोडतो. तेव्हा उरलेली दुकाने ओढून ६५ ते ७० मीटरांत खेटून बसवा. तेवढ्याच दुकानांचा बाजार लगेच भरलेला दिसू लागतो.

अडचण जागेच्या मोहाची येईल. वीस वर्षे एका झाडाखाली बसणारा माणूस तिथून हलायला तयार होत नाही, कारण एकदा जागा सोडली की ती गेलीच अशी त्याला भीती असते, आणि ती खोटीही नसते. म्हणून प्रत्येकाच्या जुन्या जागेला नकाशावर क्रमांक द्या, तो त्याच्या नावाने वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि ‘तीन महिन्यांपुरते’ असे स्पष्ट लिहून मगच हलवा. सह्यांशिवाय केलेली हलवाहलव दुसऱ्याच बाजारी भांडणावर जाते.

मांडणीचा क्रम : पालेभाजी आणि फळे शिरण्याच्या तोंडाशी, कारण हिरवा ढीग लांबून ओढतो. कांदे, बटाटे, लसूण दुसऱ्या टोकाला. ते प्रत्येकाला हवे असतात आणि जड असल्यामुळे शेवटी घेतले जातात, त्यामुळे गिऱ्हाईक अख्खा बाजार चालून जाते. याच टोकाबाहेर ई-रिक्षा उभ्या राहतील अशी सोय करा. बांगड्या, भांडी, कापड, मसाला मध्ये. मासळी आणि मटण पाणी व नाली असलेल्या वेगळ्या कोपऱ्यात, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

आणि दिवस चुकवू नका. लागोपाठ दोन बाजार पावसाने किंवा सणाने बुडाले की गिऱ्हाईक दुसरी वाट धरते. दहा दुकानदारांची पाळी लावा. काहीही झाले तरी त्या दिवशी त्या दहांनी यायचेच, आणि बाकीच्यांनी वर्गणी काढून त्यांचा उरलेला माल उचलायचा.

प्रश्न : एप्रिल ते जून बाजार अक्षरशः ओस पडतो. पालेभाजी दोन तासांत माना टाकते. ताडपत्री लावली तर खाली भट्टी होते. यावर उपाय आहे का?
(भाजीविक्रेते, उत्तर नागपूर)

पारा ४५ च्या वर गेलेला असताना दुपारी बाजार चालवायचा हट्ट सोडा. या तीन महिन्यांसाठी वेळ संध्याकाळी साडेचार ते नऊ अशी जाहीर करा आणि दरवर्षी तीच ठेवा. सकाळची गुजरी असेल तर सहा ते साडेनऊ. ठरलेल्या वेळेनंतर आलेले गिऱ्हाईक गेले तर जाऊ द्या.

ताडपत्री खाली भट्टी करते कारण तापलेली हवा वर निघत नाही. तिच्याऐवजी ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी लावा, जमिनीपासून ३ मीटर उंचीवर. ती हवा सोडते. पैसे असतील तर ५० टक्क्यांच्या दोन जाळ्या एकीवर एक, मध्ये फूटभर अंतर ठेवून. वरची तापते, खालची निवते. काळी जाळी स्वस्त मिळते, पण ती स्वतःच तापून उष्णता खाली फेकते. जाळी फक्त दुकानांवर असू द्या, मधल्या वाटेवर नको. त्या वाटेने अग्निशमन गाडी जायला हवी, म्हणजे ४.५ मीटर उंचीपर्यंत काहीही आडवे असता कामा नये.

खांबांसाठी २ इंची लोखंडी पाइप घ्या. परवानगी मिळत असेल तर रस्त्याकडेला ६० सेंटिमीटर खोल नळ्या काँक्रीटमध्ये पुरून घ्या. बाजाराच्या दिवशी पाइप खोचायचे, एरवी नळीला झाकण. परवानगी नसेल तर रंगाच्या २० लिटरच्या बादल्यांत काँक्रीट भरून पाइप उभे करा. एकेक बादली ४५ किलोच्या वर भरते, तरी एकट्या बादलीवर भरवसा ठेवू नका. चार खांब वरून आडव्या पाइपांनी जोडून चौकट केली तरच ती टिकते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी अचानक वावधान उठते. म्हणून जाळीच्या वाऱ्याकडच्या दोन कोपऱ्यांना सुतळीच बांधा, नायलॉन दोरी नको. जोराचा झोत आला की सुतळी तुटते, जाळी फडफडते आणि चौकट वाचते. सगळे घट्ट बांधले तर चौकटच उडून गिऱ्हाइकांवर पडते.

पालेभाजीची मुख्य चूक म्हणजे ढिगावर सतत पाणी मारणे. ओला ढीग आतून उबतो आणि सांभार (कोथिंबीर) संध्याकाळपर्यंत काळा पडतो. जुड्या उभ्या ठेवा, देठ उथळ पाण्यात, वरून ओले पिळलेले गोणपाट, आणि दोन ओळींत हात जाईल इतकी फट. एका वेळी मांडायचा माल तासाभरात विकेल तेवढाच. बाकीचा सावलीत झाकलेला.

बाजाराजवळ कायमची, सावलीतली जागा मिळत असेल तर विटांची शीतकोठी बांधा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली ही रचना वीज न वापरता चालते. १६५ बाय ११५ सेंटिमीटरचा विटांचा तळ, त्यावर ६७.५ सेंटिमीटर उंचीची दुहेरी भिंत, दोन भिंतींमध्ये ७.५ सेंटिमीटर फट. फटीत धुतलेली नदीची वाळू भरायची. वर बांबूच्या चौकटीवर वाळा, गवत किंवा गोणपाट. विटा साधारण चारशे लागतात. विटा आणि वाळू आधी पूर्ण भिजवा, मग सकाळ-संध्याकाळ पाणी द्या. उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी खाली राहते आणि साधारण १०० किलो भाजी मावते. आपल्या घरातला कूलर ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर ही कोठी चालते. म्हणजे कोरड्या उन्हाळ्यात झकास आणि पावसाळ्यात निरुपयोगी. भाजी छिद्रे असलेल्या क्रेटमध्ये ठेवा. कांदा-लसूण तिच्यात ठेवू नका, कोंब फुटतात. वाळूऐवजी बांधकामाची चाळलेली बारीक चुरी भरली तर ती चिकटून बसते आणि पाणी वरच्या वर वाहून जाते. बरेच जण इथेच फसतात.

पाण्याचे दोन रांजण ठेवायला विसरू नका. तहानलेले गिऱ्हाईक घासाघीसही करत नाही, सरळ घरी जाते.

प्रश्न : आमच्याकडे भाजीवाल्यांसाठी ओट्यांची दुमजली इमारत बांधली. चार वर्षे झाली, वरचा मजला कबुतरांचा आहे. विक्रेते पुन्हा बाहेर रस्त्यावर बसतात. त्यांना शिस्त कशी लावावी?
(निवृत्त अभियंता, पश्चिम नागपूर)

शिस्त विक्रेत्याला नको, आराखड्याला हवी होती. पावशेर मिरची आणि दोन जुड्या पालकासाठी पिशवी घेऊन कोणीही जिना चढत नाही. वरच्या मजल्यावर भाजी चालत नाही, हे कोणताही भाजीवाला विटा रचण्याआधी सांगू शकला असता. तिथे शिंपी, मोबाइल दुरुस्ती, घड्याळजी, पिको-फॉल, झेरॉक्स असे व्यवसाय न्या. त्यांच्याकडे गिऱ्हाईक ठरवून येते. नाहीतर वर गोदाम करा. रात्री माल ठेवायला कुलूपबंद जागा हीच विक्रेत्याची सगळ्यात मोठी गरज असते, आणि त्यासाठी तो आनंदाने भाडे देतो.

तळमजला भरायचा तर खालच्या गोष्टी तपासा. ओट्याची उंची किती? ७५ सेंटिमीटर किंवा त्याहून उंच ओट्यावर बसणाऱ्या बाईला माल वजन करून देताना दर वेळी वाकावे लागते आणि गिऱ्हाइकाला ढिगातले निवडता येत नाही. ४० ते ४५ सेंटिमीटर उंची, १.२ मीटर खोली आणि १.८ मीटर रुंदी हे माप बसून विकणाऱ्यांना सोयीचे पडते. दोन ओट्यांच्या रांगांमधली वाट २.५ मीटर हवी. पिशव्या घेतलेली दोन माणसे समोरासमोर आणि शिवाय एकजण उभा राहून भाव करणारा, इतकी जागा लागते. जमिनीला नालीकडे उतार साठ मीटरला १ मीटर तरी हवा, नाहीतर पाणी साचून चिखल होतो. बाहेरच्या रस्त्यावरून आतली पहिली रांग दिसते का? समोर भिंत किंवा दुकाने असतील तर एखाद-दोन गाळे पाडून तोंड मोठे करा. कितीही खर्च केला तरी न दिसणारा बाजार भरत नाही.

दुसरी चूक सोडतीत होते. चिठ्ठ्या टाकून ओटे वाटले की न्याय झाला असे वाटते, पण सासू एका टोकाला, सून दुसऱ्या टोकाला, आणि शेजारी बसून एकमेकींचे दुकान सांभाळणाऱ्या बाया विखुरल्या जातात. सोडत गटांची काढा. जे सहा-आठ जण आज शेजारी बसतात त्यांची एक चिठ्ठी.

तिसरी गोष्ट स्थलांतराच्या दिवसाची. निम्मे आत आणि निम्मे बाहेर राहिले तर बाहेरचेच विकतात, कारण वाटेत तेच आधी भेटतात. आठवडाभरात आतलेही बाहेर येतात. सगळ्यांनी एकाच दिवशी आत जायचे. पहिले चार आठवडे बाजार फी माफ, बाहेरच्या शंभर मीटरांत वाहने उभी करायला आधीच मनाई. ही मनाई विक्रेत्यांसाठी नाही, गिऱ्हाइकाला तोंड मोकळे दिसावे म्हणून आहे.

प्रश्न : मी चौदा वर्षांपासून रस्त्याकडेला बसून भाजी विकते. कधीही गाडी येते आणि माल उचलून नेतात. पावतीही मिळत नाही. आम्हाला काही हक्क आहे की नाही?
(भाजीविक्रेती, मध्य नागपूर)

आहे, ताई. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे आणि १ मे २०१४ पासून लागू आहे. त्यातल्या चार गोष्टी पाठ करून ठेवा.

एक, शहरातल्या सगळ्या विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही, असे कलम ३ सांगते. सर्वेक्षण निदान पाच वर्षांतून एकदा व्हायला हवे. दोन, जागेवरून हलवायचे असेल तर कलम १८ प्रमाणे ३० दिवसांची नोटीस लागते. नोटिशीची मुदत उलटल्यावर दंड होऊ शकतो, तो दिवसाला २५० रुपयांपर्यंत. तीन, माल जप्त केला तर कलम १९ प्रमाणे तिथल्या तिथे यादी करून, सही करून तिची प्रत तुम्हाला द्यायची असते. भाजी-फळांसारखा नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच सोडायचा असतो, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. चार, तक्रारीसाठी कलम २० खाली निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली वेगळी समिती असते.

ओळखपत्र, जुन्या बाजार फीच्या पावत्या, पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांच्या कर्ज योजनेचे कागद, आधीच्या सर्वेक्षणाची चिठ्ठी, दुकानावर बसलेला तारखेचा फोटो, हे सगळे एका प्लास्टिकच्या पाकिटात रोज जवळ ठेवा. पथक आले तर हुज्जत घालू नका, ‘यादी द्या’ एवढेच म्हणा आणि तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी आपल्या झोन कार्यालयात लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. प्रमाणपत्राशिवाय विक्री केल्यास २,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही याच कायद्यात आहे. म्हणून सर्वेक्षणाची गाडी येते तेव्हा त्या दिवशी दुकान सोडून जाऊ नका.

बाजारांसाठी याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती फारशी कोणी वापरत नाही. जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमतात अशा जागेला ‘नैसर्गिक बाजार’ म्हटले आहे. सर्वेक्षणात अशी ठरलेली जागा ना-विक्री क्षेत्र करता येत नाही. आणि ५० वर्षांहून अधिक काळ चालणारे नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करायचे, तिथल्या विक्रेत्यांना हलवायचे नाही, असेही त्यात आहे. नागपुरात या अटीत बसू शकतील असे बाजार वारांच्या नावांतच दिसतात. मात्र हे आपोआप होत नाही. नगर पथविक्रेता समितीने शिफारस करावी लागते. आयुक्त या समितीचे अध्यक्ष असतात आणि किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश महिला. तुमचा प्रतिनिधी कोण आहे ते शोधा. जुन्या पावत्या, जुन्या वर्तमानपत्रांतली कात्रणे, सत्तरीतल्या विक्रेत्यांची प्रतिज्ञापत्रे, मंदिर किंवा मशिदीच्या जुन्या वर्गणी वहीतली बाजाराची नोंद, असा पुरावा गोळा करून त्याच्या हाती द्या.

प्रश्न : माझे पक्के दुकान आहे. बाजाराच्या दिवशी दारातच विक्रेत्याचे पाल लागते, गिऱ्हाईक आत येऊ शकत नाही. बाजार टिकवा म्हणता, मग आम्ही काय करायचे?
(कापड व्यापारी, पूर्व नागपूर)

तुमची तक्रार रास्त आहे, आणि ती मोजायची फीत घेऊन सुटते. रस्ता १२ मीटर रुंद असेल तर असा भागा : दोन्ही बाजूंना दुकानालगत १.५ मीटर पायवाट पूर्ण मोकळी, मग १.५ मीटर पाल, त्यापुढे गिऱ्हाइकाला उभे राहायला १ मीटर, आणि मधोमध ४ मीटर वाट. बेरीज बरोबर बारा. विक्रेता पक्क्या दुकानाकडे पाठ करून बसतो, तुमच्या पाट्या पायवाटेवरून दिसतात. दर १५ मीटरवर २ मीटरची फट ठेवा, तीही शक्यतो दुकानाच्या दारासमोर.

रस्ता ९ मीटरच असेल तर दोन्ही बाजूंना पाल बसत नाही. एकाच बाजूला लावा. दुसऱ्या बाजूच्या दुकानदारांना मोकळे वाटू नये आणि या बाजूच्यांना अन्याय, म्हणून दर तीन महिन्यांनी बाजू बदला. रेषा पिवळ्या रंगाने रस्त्यावर आखा. खडूची रेषा पहिल्याच तासात पुसली जाते आणि पाल हातभर पुढे येते, मग शेजारीही येतो.

एक सांगावेसे वाटते. बाजाराच्या दिवशी आणि एरवी गल्ल्यातली विक्री वेगवेगळी लिहून ठेवा, तीन महिने. मग तक्रार करा. बऱ्याच दुकानदारांचा आकडा त्यांनाच बुचकळ्यात टाकतो.

प्रश्न : संध्याकाळच्या बाजारासाठी दिवे, वजनकाटा, ऑनलाइन पैसे यांची सोय कशी करावी? कर्ज मिळते का?
(विक्रेत्यांचा गट, हुडकेश्वर रोड)

चार बाय सहा फुटांच्या दुकानाला २० वॉटचा एक एलईडी दिवा पुरतो. चाळीस दुकानांचे ८०० वॉट होतात, म्हणजे चार तासांना सव्वातीन युनिटसुद्धा नाहीत. यासाठी आकडा टाकायची गरज नाही. महावितरणकडून गटाच्या नावे तात्पुरती जोडणी घ्या. मुख्य ठिकाणी एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) बसवा, तीन तारांची केबल वापरा, सांधे जमिनीवर ठेवू नका. पहिल्याच पावसात झटका तिथेच बसतो. दिवा मालाच्या वर, विक्रेत्याच्या बाजूला थोडा कलता, म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत जात नाही. टोमॅटोवर लाल आणि पालकावर हिरवा कागद लावलेले दिवे काढून टाका. घरी गेल्यावर रंग उतरतो आणि विश्वासही.

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी वैधमापन विभागाकडून करून घ्यावी लागते, लोखंडी वजनांची दोन वर्षांनी. गटाने एकत्र तारीख मागितली तर शिबिर लावता येते. बाजाराच्या तोंडाशी एक तपासणी काटा सगळ्यांसाठी उघडा ठेवा. त्यावर कोणी फारसे वजन करत नाही, पण तो दिसला पाहिजे.

पीएम स्वनिधी योजना २०२० पासून आहे. २०२५ च्या फेरबदलानंतर पहिले कर्ज १५,००० पर्यंत, वेळेवर फेडले तर दुसरे २५,०००, तिसरे ५०,००० रुपये. तारण लागत नाही, वेळेवर फेड करणाऱ्याला ७ टक्के व्याज सवलत खात्यात येते. योजनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. हे पैसे मालात घाला, जुनी उधारी फेडण्यात नाही. रोज पहाटे ठोक बाजारात उधारीवर माल घेणाऱ्याला भाव चढा लागतो. रोखीने घेतल्यावर वाचणारा फरक हाच या कर्जाचा खरा फायदा. क्यूआर कोडचा बोलणारा डबा गटात दोघांत एक असला तरी भागत नाही, पैसे कोणाच्या खात्यात गेले यावरून भांडणे होतात.

प्रश्न : बाजार उठल्यावर कचरा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडून असतो. शेजारचे लोक म्हणतात, बाजारच बंद करा.
(गृहिणी, मानेवाडा)

बाजार बंद पडण्याचे हे सगळ्यात लवकर घडणारे कारण आहे, म्हणून दुर्लक्ष नको. दर दहा दुकानांमागे ओल्यासाठी एक आणि सुक्यासाठी एक अशी १२० लिटरची चाकाची पेटी, आणि बाजार संपायच्या अर्धा तास आधी शिट्टी. शिट्टीनंतर पालाखाली कचरा दिसला तर पुढच्या बाजारी ती जागा राखीव यादीतल्या माणसाला. झाडणाऱ्या दोघांची मजुरी दुकानामागे दहा-वीस रुपये वर्गणीतून निघते. ओला कचरा गाईंना टाकायची प्रथा असेल तर प्लास्टिक आधी वेगळे काढा, गाई पिशवीसकट खातात. राज्यात प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहेच. तोंडाशी कापडी पिशवी पाच-दहा रुपयांत, परत आणली तर पैसे परत, हे चालते. खत करायचे तर एक भाग भाजीचा कचरा आणि दोन भाग सुकी पाने, आकारमानाने. नुसत्या पालेभाजीचा ढीग आठवड्यात सडून वास मारतो.

प्रश्न : तरुण पोरे बाजारात येतच नाहीत. खाण्याचे स्टॉल वाढवले तर येतील का?
(शिक्षक, धरमपेठ)

येतील, आणि वर्षभरात भाजी बाजार संपेलही. खाण्याच्या ठेल्याला नफा जास्त असतो, म्हणून तो जास्त भाडे देऊ शकतो आणि हळूहळू चांगल्या जागा घेतो. पाच दुकानांमागे एकाहून जास्त ठेला नको, आणि ठेले एकत्र टोकाला असावेत, तेलाचा धूर पालेभाजीवर जाऊ नये म्हणून. अन्न नोंदणी, झाकण असलेले पाणी, दोन वेगळ्या बादल्या आणि कढईतले तेल काळे पडण्याआधी बदलणे या चार अटी लेखी घ्या.

वेळ वाटून घेणे हा जास्त चांगला मार्ग आहे. अहमदाबादच्या माणेक चौकात दिवसा सराफा चालतो आणि दुकाने बंद झाल्यावर त्याच जागेत रात्री खाऊगल्ली भरते. एकाच रस्त्याला दोन गिऱ्हाइके मिळतात, कोणी कोणाची जागा खात नाही. इथे भाजी साडेआठला आवरायची, नऊ ते अकरा खाणे, असे ठरवता येते. मधला अर्धा तास फक्त झाडायला.

हंगामी माल तरुणांना खाण्यापेक्षा जास्त ओढतो, फक्त तो वेळेवर आणि ठळक मांडला पाहिजे. आंबिया बहाराचा संत्रा ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचा फेब्रुवारीपासून. या दिवसांत थेट शेतकऱ्यांना दहा जागा राखून ठेवा. फळे-भाजीपाला २०१६ पासून बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आहे आणि त्याच वर्षी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचे अभियान सुरू केले, त्यामुळे शेतकऱ्याने शहरात बसून विकायला आडकाठी नाही. काटोल किंवा कळमेश्वरकडच्या एखाद्या शेतकरी गटाशी आधी बोलून घ्या. त्यांची अट ठरलेली असते : किमान दोन महिने जागा पक्की, आणि उरलेला माल रात्री ठेवायला सावली. संत्रा शेकड्यावर न विकता किलोवर विका आणि फळाच्या आकाराप्रमाणे तीन ढीग लावा. एकाच ढिगात लहानमोठे मिसळले की नवे गिऱ्हाईक फसल्यासारखे होऊन परत येत नाही.

तसेच तान्ह्या पोळ्याच्या आधीचे दोन बाजार लाकडी बैलांसाठी, गणपतीआधीचे चितारओळीच्या मूर्तिकारांसाठी, संक्रांतीआधीचे वाणाच्या वस्तूंसाठी. यांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच एका कागदावर छापून प्रत्येक दुकानात टांगा. शाळेतल्या पोरांकडून मोजणी करून घेतलीत तर ती पोरे बाजारात आलीच म्हणून समजा. पहिल्या प्रश्नातली वही त्यांच्याच हाती द्या.